मोआच्या बरगडीवरची गाठ

"कापायची नाही," हेनिंग म्हणाला. "तशीच ठेवली तर किती दिवस, एवढंच सांग."

गुनिलाने मोआच्या बरगडीवरचा हात काढला नाही. गाठ लिंबाएवढी होती आणि कातडीखाली इकडून तिकडे सरकत होती. मोआ टेबलावर कशीबशी उभी होती. तिचं सगळं लक्ष हेनिंगकडे. नऊ वर्षांची भुरकट कुत्री. हेनिंग सोडून जगातल्या कुणाचंही तिला कौतुक नव्हतं.

"आधी गाठ कसली आहे ते तर बघू दे," गुनिला म्हणाली.

मिडसमरच्या सणाला चार दिवस उरले होते, आणि या आठवड्याचा गुनिलाला मनापासून वीट आला होता. तीस वर्षं ती स्वीडनच्या या किनाऱ्यावर जनावरं तपासत होती, आणि तीस वर्षं जूनमध्ये हेच. सुट्ट्या जवळ आल्या की लोकांना दक्षिणेचे वेध लागायचे, आणि अचानक सगळ्यांच्या लक्षात यायचं, की आपलं मांजर म्हातारं झालंय, आपलं कुत्रं दमलंय. "बिचाऱ्याला त्रास नको गं," म्हणायचे, डोळे पुसायचे आणि काखा वर करून मोकळे व्हायचे. आज सकाळपासून तिने अशा दोघांना वाटेला लावलं होतं. पाय भरून आले होते. आणि आता शेवटचा हा.

हेनिंगबद्दल तिच्या कानावर आलेलंच होतं. बंदरावर काय लपून राहतंय? त्याने होडी विकली होती. घराला गिऱ्हाईक बघत होता. बहीण स्पेनमध्ये, समुद्रकाठी. पठ्ठ्याने पोटही चांगलंच उतरवलं होतं. कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडलेली दिसत होती. चेहऱ्यावर पिवळट तांबूस रंग चढला होता, कुठेतरी ऊन खाऊन आलेल्या माणसासारखा.

"ईस्टरला गावात नव्हतास म्हणे," सुईचं पाकीट फोडता फोडता ती म्हणाली.

"चार दिवस."

"आणि ही?"

"शेजारच्या ओसाकडे ठेवली होती. चार दिवस पाण्याशिवाय कशाला शिवली नाही. दाराशी पडून राहिली. माझ्याच हातचं खाते ना ती."

"होते सवय. कुत्री शिकतात."

"ही नाही शिकायची."

गुनिलाने गाठीत सुई घातली आणि हळूच दट्ट्या ओढला. हेनिंगने मोआचं डोकं छातीशी धरलं होतं. "झालं हं बाई, झालं," तो पुटपुटत होता. नाटकं, गुनिलाच्या मनात आलं.

"वाईट गाठ निघाली तर?"

"तर महिनाभर. फार तर दीड महिना."

"म्हणजे ऑगस्टच्या आत."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी येऊन गेलं. ते बघून गुनिलाला शिसारीच आली.

"शेवटी दुखेल का तिला?"

"दुखायला लागलं की मला बोलव. मी घरी येऊन इंजेक्शन देईन."

"हो, घरीच. सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा खणून ठेवलाय."

"खणूनसुद्धा ठेवलास? इतकी घाई?"

"नंतर राहून गेलं म्हणजे?"

बरोबर आहे, ती मनात म्हणाली, नंतर घर दुसऱ्याचं झालेलं असणार.

आतल्या खोलीत जाऊन तिने सुईतला थेंब काचेवर पसरला, काच रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गाठ साधी निघावी असं तिला फार वाटत होतं. खोटं कशाला बोला, जितकं मोआसाठी तितकंच या माणसाची जिरावी म्हणून. तिने बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग हात धुऊन बाहेर आली.

"चरबी आहे. निव्वळ चरबी," ती म्हणाली. "हातसुद्धा लावायची गरज नाही. काळीज ठणठणीत आहे हिचं. अजून पाच वर्षं सहज काढेल. सहासुद्धा."

हेनिंग खुर्चीवर बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"परत बघ," तो म्हणाला.

"दोनदा बघितलंय."

"चूक होत असेल की कधीतरी."

"चरबी ओळखायला? नाही होत."

मोआने टेबलावरून मान लांब करून त्याची बाही चाटली.

"मग असंच दे इंजेक्शन," तो म्हणाला. "गुनिला, हात जोडतो तुला."

आता मात्र गुनिलाचा तोल गेला. "लाज नाही वाटत? नऊ वर्षं तुझ्या पायाशी झोपली ती! तुला तिकडे स्पेनमध्ये वाळूत लोळायचंय म्हणून मी धडधाकट जनावर मारू? हिला कुठल्या आश्रमात दे, कुणाच्या गळ्यात मार, नाहीतर जाऊच नकोस. पण या टेबलावर हे व्हायचं नाही. ऊठ. घेऊन जा तिला."

हेनिंगने वाद घातला नाही. त्या किनाऱ्यावरची माणसं एकवेळ दात उपटून देतील, पण स्वतःविषयी अक्षर बोलणार नाहीत, आणि हेनिंग तर त्यांतलाही घुम्या. त्याने मोआला दोन्ही हातांनी उचलायला बघितलं, जमलं नाही. मग गुनिलानेच रागारागाने तिला खाली उतरवलं. त्याने पट्टा अडकवला. कडी दोनदा निसटली.

दाराशी जाऊन तो थांबला.

"स्पेनला कोण चाललंय?" तो म्हणाला. "ईस्टरला चार दिवस इस्पितळात होतो मी. माझ्याही गाठीत त्यांनी अशीच सुई घातली. माझी चरबीची नाही निघाली, गुनिला. मला ऑगस्टपर्यंतचेच दिवस दिलेत."