आठ बाय नऊ

ताईनं खुर्ची पुढे ओढली आणि मॉनिटरवरच्या बेडरूममध्ये थेट बोट घातलं.

“इथे आईची कॉट बसेल ना रे?”

तिचा धाकटा भाऊ बिल्डरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. ही खोली त्यानंच काढलेली. सॉफ्टवेअर सपाट रेघा मारण्यापुरतं, पण याचा हात बसलेला. चार तिरक्या रेघा, एक भिंत गडद, दुसरी फिकी, पलंगाखाली जराशी सावली, की पडद्यावर खोली उभी. आत जाऊन लोळावंसं वाटेल अशी.

खोली आठ बाय नऊ. तसं चित्राखाली लिहिलेलंही होतं. आकड्यांत एका इंचाची खोट नव्हती. खोट पलंगात होती. तो सहा फूट रुंद हवा, यानं साडेचार फुटांचा काढला होता. खोली वाढवता येत नाही, सामान तर आटवता येतं, हे साहेबांचं तत्त्वज्ञान. सात वर्षं हा इमानेइतबारे सामान आटवत आला होता. गिऱ्हाईक परकं असलं की मनाला काही लागत नाही.

“आकड्यांवरून माझ्या काही डोळ्यांपुढे येत नाही,” ताई म्हणाली. “चित्रात कसं स्वच्छ दिसतंय. आमचा पलंग आणि बाजूला आई. तुझ्या पॅसेजमध्ये किती दिवस झोपणार ती? कुणी बाथरूमला निघालं की बिचारी पाय पोटाशी घेते.”

“भावालाच विचारा की,” मागून साहेब म्हणाले. “घरचा माणूस. तो काय तुम्हाला फसवणार आहे?”

खरा पलंग ठेवला तर बाजूला दोन फूट उरत होते. तिथे कॉट सोडाच, आईला सतरंजीवर कूसही बदलता आली नसती. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. साहेबांचा हात हलकेच त्याच्या खांद्यावर आला.

“बसेल,” तो म्हणाला. त्याला स्वतःची किळस आली.

“मग काढूनच दाखव. आणि आईलाही बसव त्यावर. तिला फोटो पाठवते, मग बुकिंगच्या फॉर्मवर सही करते.”

चित्रात माणूस टाकायचा नाही, हा ऑफिसचा दंडक. माणूस आला की सामानाचं बिंग फुटतं. पण ताई हटेना. त्यानं दोन मिनिटांत कॉट काढली, तयार आकृत्यांमधून एक म्हातारी बाई उचलली आणि त्यावर बसवली. शेजारचा डबल बेड एकदम पाळण्याएवढा दिसायला लागला.

“अगं बाई, आई केवढी दिसतेय!” ताई हसत सुटली.

साहेब खाकरले.

“साइज चुकली,” तो पुटपुटला. माउसनं त्यानं आईचा कोपरा धरला आणि आत ओढत राहिला. पाच फुटांची आई साडेतीन फुटांवर आली, तेव्हा कुठे पलंग पुन्हा पलंगासारखा दिसला. सवयीनं त्यानं तिच्या पायांशी थोडी सावलीही टाकली.

“हां, आता कशी मावली!” ताई म्हणाली आणि तिनं सही केली.