कॉय प्रुइटचं थडगं

"आमच्या पोराला हात लावायचा नाही," एसा प्रुइट म्हणाला. तो पायरीवरून उठलासुद्धा नाही.

डनिंग टोपी हातात घेऊन अंगणात उभा होता. धरणवाल्यांनी त्याला ओव्हरबी काउंटीत पाठवलं होतं ते याच कामासाठी. वसंतात पाणी चढायच्या आत खोऱ्यातली सगळी थडगी उकरायची आणि टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत न्यायची.

"मिस्टर प्रुइट, इथं तुमच्या धुराड्यावरून होड्या जाणार आहेत."

"जाऊ देत. कॉय नदीतच गेला. नदीतच राहू दे त्याला."

जाळीचं दार ढकलून लव्हायना बाहेर आली. हात पिठाने माखलेले होते.

"सही कुठं करायची?" तिने डनिंगला विचारलं.

"लव्हायना!"

"तुला पाण्याखाली राहायचंय तर खुशाल राहा, एसा. माझा पोरगा वर येणार."

एसाच्या पणजोबाने खेचरं हाकत डोंगर ओलांडले होते ते या काठच्या काळ्या मातीसाठी. काउंटीत चांगली जमीन होती ती एवढीच. तंबाखू पिकायची ती इथं, मका पिकायचा तो इथं. वरच्या टेकड्यांवर नुसते दगड आणि खुरटे देवदार. हात चालणारी अर्धी पोरं उत्तरेकडे मोटारींच्या कारखान्यात गेली होती. उरलेली आता धरणाच्या भिंतीवर काँक्रीट ओतत होती. आपल्याच बापाचं शेत बुडवायची मजुरी शेतीपेक्षा जास्त मिळत होती.

"लाइट येणार म्हणे," दुकानात कोणी म्हणायचं.

"येऊ दे की. बुडालेलं शेत दिसेल तरी," दुसरा म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

कॉय प्रुइट एकोणिसाव्या वर्षी गेला होता, त्याला आता वीसएक वर्षं झाली होती. पुरात वाहून गेला, कितीतरी दिवसांनी खाली कुठंतरी बापालाच सापडला. पेटी खिळे ठोकूनच घरी आली. बघण्यासारखं काही राहिलं नाही, असं एसाने सांगितलं. लव्हायना त्या दिवशी अशी रडली की शेजारपाजारच्या बायकांना तिला धरून ठेवावं लागलं.

त्यानंतर दर रविवारी चर्च सुटलं की ती थडग्यावर जायची. भोवती नदीतले मोठमोठे गोल गोटे तिने स्वतः मांडले होते. एसा मात्र कधी तिकडे फिरकला नाही. बापाला सोसत नाही, असं लोक म्हणायचे.

उकरायच्या दिवशी सकाळी एसा एकटाच डनिंगच्या ट्रकपाशी आला.

"साहेब, तुला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे."

"मग ऐक. त्या पेटीत दगड आहेत."

डनिंगने ट्रकचं दार लावून घेतलं.

"नाचाच्या रात्री मारामारी झाली," एसा म्हणाला. "कॉयच्या हातून स्टेगलांचा पोरगा मेला. ते पाच भाऊ. माझ्या पोराला जगात कुठंही सोडलं नसतं त्यांनी. मी त्याला रातोरात रेल्वेत बसवला. म्हटलं, परत येऊ नकोस, कळवूही नकोस. आणि इकडे पुरात गेला म्हणून सांगितलं."

"बायकोलाही?"

"तिलाच तर सांगायचं नव्हतं. ती खरी रडली म्हणून स्टेगलांना पटलं."

"पण नंतर?"

"ते मेले, पांगले. पण तोवर तिचे इतके रविवार त्या दगडांपाशी गेले होते. कुठल्या तोंडाने सांगणार?" त्याने बाहीने नाक पुसलं. "कॉय आता चाळिशीला आला असेल. कारखान्यात असेल कुठंतरी. बायको असेल, पोरं असतील. कधीतरी येईल. त्याने येऊन सांगावं तिला. तुझ्या मजुरांनी नको."

डनिंगने विचार केला. "जुन्या पेट्या कुजतात," तो म्हणाला. "कित्येकदा हाती नुसती माती लागते. ती आम्ही नव्या पेटीत भरतो. मी स्वतः खाली उतरेन."

एसाने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

दुपारी मजुरांनी पेटी लागेपर्यंत खणलं. डनिंगने त्यांना बाजूला पाठवलं आणि खड्ड्यात उतरला. लव्हायना स्वच्छ धुतलेली चादर कवटाळून काठावर उभी होती. एसा चार पावलं मागे होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच इथं आला होता.

झाकण हात लावताच तुटलं. डनिंग वाकला तो वाकलेलाच राहिला.

"मातीच ना?" एसाने वरून विचारलं.

डनिंगने डोक्यावरची टोपी काढली.

एसा पुढे आला. खाली चिंध्या झालेल्या गोधडीत हाडं होती, उंच माणसाची. दोन्ही हात छातीवर नीट जुळवून ठेवलेले होते.

एसा गुडघे टेकून खड्ड्यात डोकावला. "हे कोण आहे?" तो डनिंगला विचारू लागला. "कोणाला ठेवलंय इथं? कोण आहे हे?"

लव्हायना त्याच्या शेजारी मातीत बसली. चादर तिने मांडीवर उलगडली.

"दुसऱ्याच हिवाळ्यात परत आला होता," ती म्हणाली. "तापाने नुसता फणफणलेला. तू तंबाखू विकायला शहरात गेला होतास, आणि बर्फाने घाट बंद पडला होता. पेटीतले दगड काढून मीच त्याला इथं निजवला. शेवटपर्यंत मला एकच विचारत होता, एसा. बाबा आले का?"