जाळी मुरायचे दिवस

मालिनीबाईंनी पदर खोचला आणि सुनेपुढे दोन्ही हात केले. "ये रेवती, फुगडी घालू."

"आई, अहो, ऑपरेशनला महिनासुद्धा झाला नाही!"

"म्हणूनच तर घाई आहे."

गर्भाशय खाली सरकलं म्हणून त्यांच्या ओटीपोटात जिवंत पेशींची जाळी बसवली होती. जुन्या जाळ्या आत रुतायच्या. ही अंगात मुरायची. पहिल्या महिन्यात बाई जशी हलेल, तशी ती विणली जायची. त्या महिन्यात जे केलं नाही, ते मात्र ती पुढे जन्मभर करू द्यायची नाही. दवाखान्याने चालणं, जिना आणि खुर्चीत बसणं एवढंच करायला सांगितलं होतं. आणि मालिनीबाई तर गावभरच्या मंगळागौरी जागवणाऱ्या!

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"धोका नाही, कळ येईल," डॉक्टर म्हणाले. "पण या वयात फुगडीची गरज काय?"

"ती मी ठरवीन. जाळी माझ्या अंगात नांदायला आलीय. या घरच्या रीती तिनं शिकायच्या." त्यांनी फोन ठेवला.

रेवती हसली. "लग्नानंतर मलाही हेच ऐकवलं होतंत."

"मग, शिकलीस ना?"

"शिकले. पण तुम्हालाही थोडं बदलावं लागलं."

"तेवढं बदलेन. बसून मात्र राहणार नाही. धर हात."

पहिल्याच गिरकीला जाळीनं आतून जोरात ओढ दिली.

"ओढ गं, किती ओढतेस ते बघते," मालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी वेग वाढवला.