मागची सीट

नरहर मिस्त्रींच्या तेराव्याला गुढियारीतली जुनी गिऱ्हाइकं आवर्जून आली होती. गॅरेज बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी जो तो त्यांच्या हाताचे आणि त्याहून जास्त स्वभावाचे गोडवे गात होता. बायकोला त्यांनी कधी पायी चालू दिलं नाही, जिथं तिथं स्वतः स्कूटरवर नेलं, असं सगळेच म्हणत होते. मंदाकिनीबाई मान डोलवत राहिल्या. ते खरंच होतं. एकदा त्यांनी स्कूटर शिकायचा हट्ट धरला, तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले होते, "तुले काहून शिकायची? मी हाव ना!"

पुढच्या आठवड्यात मुलगा पुन्हा कामावर जाऊ लागला, आणि डोळे तपासायला त्या एकट्याच समता कॉलोनीत गेल्या. येताना ई-रिक्षा केली. घराजवळ, तात्यापाऱ्याच्या चौकात रिक्षावाल्यानं विचारलं, "अब किधर, अम्मा? बाएँ कि दाएँ?"

मंदाकिनीबाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागल्या. शहर राजधानी झाल्यापासून रस्ते रुंद झाले होते, पण अडचण ती नव्हती. लग्न होऊन इथं आल्यापासून हा चौक त्यांनी कधी समोरून पाहिलाच नव्हता. समोर कायम नवऱ्याची पाठ असायची.

मागून हॉर्न वाजू लागले. रिक्षावाला वळून म्हणाला, "मोहल्ले में नई हो क्या, अम्मा?"

"हव, भैया," त्या म्हणाल्या. "आजच आली."