दुपारचं बंद दार

तिच्या गावात दिवसाढवळ्या दार बंद दिसलं, की आत कुणीतरी आजारी आहे हे ठरलेलं; विचारपूस न करणाऱ्या शेजारणीला लोक नावं ठेवत. त्यामुळे शहरात शिकायला आली त्याच दुपारी वसतिगृहातली बंद दारं बघून तिचं धाबं दणाणलं. अख्ख्या मजल्यावर साथ आली की काय! आईनं दिलेली मधाची बाटली घेऊन तिनं पहिलं दार वाजवलं. “बरं नाहीये का?” “अभ्यास चाललाय!” कुणीतरी खेकसलं. दुसऱ्या दारी हशाच पिकला. “अगं, इथं दारं बंदच असतात!” तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वळली, पण शेवटचं दार सोडून पाय निघेना. “बरं नाहीये का?” तिनं हळूच विचारलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. दारात रडून डोळे सुजलेली मुलगी उभी होती. “तुला कसं कळलं?” “दार बंद होतं ना.”