तिसरं भांडं

डोरीनला काही कळेना. सकाळपासून ही तिसरी शेजारीण ओव्हनमधलं गरम भांडं घेऊन दारात उभी होती, बुडाला नावाची चिकटपट्टी लावून. ओहायोतल्या त्या गावात कुणाच्या घरी माणूस गेलं, तरच बायका असं शिजवून आणायच्या. "वॉल्टर, तू जिवंत आहेस ना रे?" तिनं आत हाक मारली. "जेवायला वाढ, मग सांगतो!" नवरा म्हणाला. भांडं घेताना डोरीनला हसू आलं. "मेबल, अगं गेलंय कोण?" मेबलचा चेहराच उतरला. "तारघरानं धाडलेला तो टॅक्सीवाला... लष्कराची तार घेऊन पेट्रोलपंपावर तुमचंच घर विचारत होता. अजून पोचला नाही?" भांडं चटके देत होतं, तरी डोरीननं खाली ठेवलं नाही. व्हिएतनामहून लेकाचं पत्र कालच आलं होतं, मोजे पाठव म्हणून. तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. "आम्ही टॅक्सी बोलावली नाही!" डोरीन दारातूनच ओरडली.