डाव्या थाळीवरचा हात

पुन्हा सरकली! लखनने हेडफोन ओढून मानेवर टाकला आणि डीजेच्या मशीनवरच्या डाव्या थाळीकडे रागाने पाहिलं. थाळी आपली निमूट फिरत होती. उजवीकडचं हळदीचं गाणं ठरल्या वेगाने चाललं होतं. डावीकडची ढोलकी मात्र मधल्या तोड्याला हळूच मागे राहिली, आणि दोन्हींचे ठोके एकमेकांवर आपटून नुसता कालवा झाला. दर वेळी तिथंच. कुणीतरी थाळीच्या काठाला बोट लावून धरावं, तशी.

ढोलकी योगराजची, लखनच्या मोठ्या भावाची. दोन वर्षांमागे हजीऱ्याच्या कारखान्यातल्या कामावरून परतताना ट्रकने त्याला उडवलं. मागे उरलं ते एवढंच वाजवणं, उधन्याच्या चाळीतल्या कुठल्याशा गणपतीत कुणी मोबाइलवर उतरवून घेतलेलं. आज धाकट्या गायत्रीची हळद होती. घरातल्या गेलेल्या माणसाला आधी हाक मारायची, मगच हळद लावायची, ही त्यांच्या आईची, मालतीबाईंची रीत. त्यांनी लखनला आठवड्यापूर्वीच बजावलं होतं, "योगराजले त्याच्या ढोलकीनीच बलाव. त्याबिगर पोरीले हळद नही लागाव."

लखन डीजे. सुरतभर लग्नं वाजवणारा. नुसती ढोलकी लावली तर मंडपातली पोरं तोंडं फिरवतील, म्हणून ती चालू गाण्यावर बसवायची असं त्याने मनाशी ठरवलं. त्यात काय मोठंसं? मोटरवर फिरणाऱ्या थाळ्यांचा हा कंट्रोलर घेतल्यापासून त्याची दोन गाणी कधी एकमेकांपासून सुटली नव्हती. आणि नेमकं घरच्या हळदीला हे!

त्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. थाळीवरची फेल्टची चकती पुसली. मोटरचा जोर वाढवला. प्लग बदलला. स्पीकरच्या दणक्याने थाळी हलत असेल म्हणून कंट्रोलर उचलून गादीवर ठेवला. परवा तर पर्वत पाटिया भागातल्या कारागिराकडे नेऊन आणला. "भाई, मशीन एकदम बराबर छे," म्हणून त्याने हात झटकले. मशीन बरोबर, तर मग थाळीला धरतं कोण?

"दादा, राहू दे ना," मुंडावळ्यांची पिशवी छातीशी धरून गायत्री दारात उभी होती. "मला भीती वाटते. योगूदादा रागावलाय."

लखन तिच्यावर खेकसला. पण त्याच्याही मनात तेच होतं. कंट्रोलर घरात आला त्या दिवशी योगराज हौसेने ढोलकी घेऊन शेजारी बसला होता. आणि लखनने उचलली जीभ लावली टाळ्याला. "तुझा ताल सरळ नाही, दादा. मशीनवर बसत नाही." योगराज हसला. ढोलकी खुंटीला अडकवली आणि पुढच्या महिन्यात हजीऱ्याच्या कामाला लागला. तो रस्ता त्याला कुणी दाखवला, हे लखनला पक्कं ठाऊक होतं. दादा गेला त्या दिवसापासून त्याने त्या खुंटीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून त्याने थाळ्यांची अदलाबदल केली. ढोलकी उजवीकडे, गाणं डावीकडे. तोडा आला. आता उजवी थाळी मागे पडली. जणू तो हात थाळी बदलून आला होता.

मग हळूहळू डोकं चालायला लागलं. थाळी कुठलीही असो, चूक ढोलकीबरोबर जाते. म्हणजे बिघाड मोटरमध्ये नाहीच.

"काय व्हयनं रे? बाया खोळंबल्या," हात हळदीने पिवळे झालेल्या मालतीबाई आत आल्या.

"माय, मशीन बरोबर आहे. दादाच तिथं ताल सोडतो."

मालतीबाई थेट थाळीजवळ आल्या. "योगराज ताल सोडस? तुन्हं गाणं बंद कर. एकट्या त्याले ऐक."

त्याने गाणं बंद केलं आणि हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट दाबला. इतक्या दिवसांत त्याने ढोलकी एकटी अशी ऐकलीच नव्हती. आता तिच्याखाली काहीतरी बारीक किणकिणत होतं. झांज. कच्च्या हाताची, धांदरट. तोडा आला तशी झांज अडखळली, मागे राहिली. आणि ढोलकीने पाऊल आवरलं. झांजेचा ठोका येईपर्यंत हलकेच रेंगाळली, त्याला सोबत घेतलं, आणि मग दोघं पुढे निघाले.

चाळीच्या गणपतीत योगराजच्या मांडीला मांडी लावून झांज घेऊन बसणारा एकच होता. पुढचे दोन दात पडलेला लखन.

त्याने हेडफोन काढला. आईसमोर लाज वाटली नाही, ढसाढसा रडला. मालतीबाईंनी त्याच्या डोक्यावर पिवळा हात ठेवला आणि देवघराच्या फळीवरून त्याची लहानपणची झांज काढून त्याच्या हातात दिली.

मंडपात गाणं वाजलंच नाही. ढोलकी एकटी घुमली. "ये रे योगराज, ये बापा," मालतीबाईंनी हाक मारली आणि गायत्रीच्या गालाला हळद लावली. लखन मशीन सोडून स्पीकरसमोर मांडी घालून बसला आणि ढोलकीबरोबर झांज वाजवू लागला.

तोडा आला. आता लखनचा हात पक्का होता, तो तसूभरही मागे पडला नाही. तरी ढोलकी त्याच्यासाठी थांबली.